झाडूचा वारसा की कचेरीची ओळख?

‘श्रमप्रतिष्ठा’ हा शब्द आपल्या देशात सर्वांत जास्त कोण वापरतं? ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी झाडू हातात धरला नाही, ते. म्हणून ‘शिक्षणाला कामाची जोड द्या’ असं कुणी म्हटलं की आंबेडकरी तरुणाच्या मनात शंका येते. ही शंका रास्त आहे. तिला इतिहास आहे.

1953 मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. म्हणजे चांभाराच्या पोराने चांभारकी आणि धोब्याच्या पोराने धुणी शिकायची. पेरियारांच्या चळवळीने रान उठवलं. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना मोडीत काढली. काम शिकवण्याच्या नावाखाली जात शिकवली जात होती, हे तिथल्या बहुजनांनी वेळीच ओळखलं.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्येही हा वाद झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीच्या संस्थेत विद्यार्थ्यांकडून विटा पाडून घेतल्या, इमारती उभ्या करून घेतल्या. आधी हातात कसब येऊ द्या, हक्कांचं पुढे बघू, असा त्यांचा सूर होता. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी त्याला कडाडून विरोध केला. उच्च शिक्षण आणि मताचा अधिकार सोडून नुसतं कसब घेतलं तर गुलामीच पक्की होईल, ही त्यांची भूमिका. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिलं होतं.

मग काम आणि शिक्षण यांची जोड कायमची धोकादायकच आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यासाठी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील एक शाळा पाहू. ‘वर्बम देई’ ही कॅथलिक चर्चने 1962 मध्ये मुलग्यांसाठी काढलेली हायस्कूल. वॉट्स म्हणजे तेव्हा गोऱ्यांच्या शहराने बाजूला टाकलेली काळ्यांची वस्ती होती. 1965 च्या ऑगस्टमध्ये तिथे सहा दिवस उद्रेक झाला, 34 माणसं मेली. चौकशी आयोगालाही बेकारी आणि निकृष्ट शाळा ही कारणं नोंदवावी लागली.

या शतकाच्या सुरुवातीला या शाळेने ‘क्रिस्टो रे’ पद्धत स्वीकारली. ती पद्धत 1996 मध्ये शिकागोच्या पिल्सेन भागात, मेक्सिकन स्थलांतरितांच्या मुलांसाठी जेझुइट पाद्र्यांनी सुरू केली होती. तिथे चार विद्यार्थी मिळून एक नोकरी वाटून घेतात. प्रत्येकजण महिन्यातून साधारण पाच दिवस कामाला जातो, बाकीचे दिवस वर्गात. काम कुठे? वकिलांच्या फर्ममध्ये, बँकेत, इस्पितळाच्या कार्यालयात. पगार शाळेकडे जातो आणि त्यातून फीचा मोठा भाग भागतो. बुडालेले तास भरून काढण्यासाठी शाळेचा दिवस आणि वर्ष दोन्ही लांबवले जातात.

आता राजाजींच्या योजनेशी तुलना करा. तिथे मुलगा संध्याकाळी बापाच्याच धंद्यावर परतत होता. इथे मुलगा अशा इमारतीत शिरतो, जिथे त्याचा बाप गेला असेल तर पहारेकरी किंवा सफाईवाला म्हणून. दोन्हीकडे शब्द एकच, ‘कामाचा अनुभव’. एक जातीच्या चौकटीत परत नेतो, दुसरा चौकटीबाहेर पाऊल टाकायला लावतो.

आपल्या वस्त्यांमधली पोरं काम करत नाहीत असं नाही. दहावीची परीक्षा संपली की लग्नसराईत केटरिंगला वाढपी म्हणून जातात, टेम्पोवर क्लीनर होतात, सफाईच्या ठेकेदाराकडे रोजंदारी करतात. अनुभव भरपूर, पण त्यातून एकही नवं दार उघडत नाही. पदवीधर झाल्यावरही खात्रीची नोकरी कोणती? बापाचीच. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कुटुंबाचा आधार म्हणून त्या हक्काला आमचा विरोध नाही. कायम नोकरीऐवजी ठेकेदारी येत असताना तर तो टिकलाच पाहिजे. पण एम.ए. झालेल्या पोराच्या वाट्याला वारसा म्हणून झाडूच यावा, ही व्यवस्थेची शिक्षा आहे.

सवर्ण घरातला मुलगा बारावीनंतर काकाच्या सीए ऑफिसात बसतो, मामाच्या ओळखीने कंपनीत महिनाभर जाऊन येतो. त्याला ‘गुणवत्ता’ म्हणतात. आपल्या पोराकडे पदवी असते, हुशारी असते, ओळख नसते. आरक्षणाने सरकारी दार उघडलं, पण खासगी क्षेत्राचं दार अजून ओळखीनेच उघडतं. ‘क्रिस्टो रे’ पद्धत नेमकी ही ओळख शाळेमार्फत देते.

तरीही ही पद्धत जशीच्या तशी उचलावी, असं आम्ही म्हणणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या गरीब मुलाने स्वतःची फी स्वतः कमवावी आणि श्रीमंताच्या मुलाने फक्त शिकावं, हा न्याय नव्हे. शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी सरकारी तिजोरीतला पैसा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा असं बजावलं, ते आजही लागू आहे. शिवाय मुलींना वगळणारी कोणतीही योजना सावित्रीमाईंच्या लेकरांना चालणार नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आलं आहे. त्याला डोळे झाकून होकार नको आणि सरसकट नकारही नको. आपल्या गावच्या, वॉर्डाच्या शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारा. कोणत्या मुलांना कोणतं काम शिकवलं जातंय? त्या कामातून मूल बापाच्या धंद्याकडे जातंय की त्यापासून दूर? आणि गणित, इंग्रजी, विज्ञानाचे तास त्यासाठी कापले जातायत का?

शेवटचा प्रश्न मात्र आपल्यातल्याच माणसांना आहे. बाबासाहेबांच्या पुण्याईने वकील, डॉक्टर, अभियंते, बँक अधिकारी झालेले आपले लोक आज शहराशहरांत आहेत. जयंतीला वर्गणी देतात, त्याबद्दल आभार. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीतल्या अकरावी-बारावीच्या दोन मुलामुलींना आपल्या कचेरीत बसवून फाईल कशी वाचायची, अशिलाशी कसं बोलायचं, हे कितीजण शिकवतात? त्यासाठी ना चर्च लागतं, ना सरकारी परिपत्रक. एक खुर्ची लागते. सम्यक आजीविकेचा मार्ग त्या खुर्चीपासूनही सुरू होऊ शकतो.

जय भीम.