महासंगणकांच्या गावी

पुण्याला पाहुणा आला, की त्याला शनिवारवाडा दाखवावा, पर्वती चढवावी आणि बाकरवडीचा पुडा हाती देऊन गाडीत बसवावे, असा आपला शिरस्ता. पण याच पुण्यात आणखी एक पुणे आहे. विद्यापीठाच्या चौकातून पाषाणच्या रस्त्याला लागावे, की ते सुरू होते.

परदेशातून महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली सरकारने पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था काढली. डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख. तीन वर्षांत, १९९१ साली, ‘परम ८०००’ उभा राहिला! २००७ साली टाटांचा इथलाच ‘एका’ नावाचा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आला आणि २०२४ साली ‘अर्क’.

साहजिकच या विद्येच्या परिषदा पुण्यात भरतात. २०१२च्या डिसेंबरात एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषदही येथे झाली. माझी इंजिनिअरिंगला असलेली भाची म्हणते, “मामा, निबंध तर घरबसल्या वाचता येतात. मग पैसे भरून तिथे कशाला जायचे?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर लग्नाच्या पंगतीत सापडते. हजार पाने एका वाढप्याच्याने वाढून होत नाहीत, म्हणून पन्नास लावावेत. पण भातवाला पुढे गेला आणि वरणवाला मागे राहिला, तर सारी पंगत खोळंबते. महासंगणकातही हजारो प्रोसेसर एकच गणित वाटून घेतात. त्यांचा मेळ घालणे, हीच खरी विद्या.

अशाच एका परिषदेत चहाच्या वेळी मी दोघांचा वाद ऐकला. हवामानवाल्याला नकाशावरचे चौकोन लहान हवे होते. लोणावळ्याला पाऊस कोसळतो आणि पुण्यात ऊन असते, हा फरक मोठ्या चौकोनात बुडून जातो. यंत्रवाला म्हणाला, “बाजू निम्मी केलीत, तर एकाचे चार चौकोन होतात. वेळेची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट! शिवाय प्रत्येक चौकोनाने शेजाऱ्याला वाऱ्याची खबर द्यायची, तोवर बाकीचे बसून!” हवामानवाला शांतपणे म्हणाला, “आणि अंदाज चुकला, की शेतकऱ्याला दुबार पेरणी.”

यंत्रवाला गप्प झाला. मग त्याने खिशातून कागद काढला आणि दोघे आकडेमोडीला बसले. निबंधात आलेले असते ते उत्तर. असा प्रश्न मात्र माणसाने माणसालाच विचारावा लागतो.

२०२५च्या मे महिन्यात पाषाणच्या संस्थेने घडविलेली सहा किलोमीटरच्या चौकोनांची अंदाजपद्धती वापरात आली. आधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते. म्हणून घरातल्या शिकत्या मुलांना अशा परिषदेला जरूर पाठवावे. भाषणे थोडी कमी ऐकली तरी चालतील. चहा मात्र अनोळखी माणसाबरोबर घ्यावा.