सार्थकची गाडी आणि चाकाची धाव



आज एक अनुभव सांगायचा आहे. त्यात थोडं विज्ञान आहे, थोडं कार्यानुभव आहे आणि माझी एक चूक आहे. चुकीपासूनच सुरुवात करते.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग घेते. सार्थक (नाव बदललं आहे) माझ्या वर्गात आहे. त्याचे वडील ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने त्यांचा मुक्काम कारखान्याकडेच. यंदा दिवाळीत जाताना त्यांनी सार्थकला रिमोटवर चालणारी गाडी घेऊन दिली. पोरानं ती जिवापाड जपली. पण डिसेंबरात एका शनिवारी ती शाळेच्या मैदानावर आणली, आणि मुरमाच्या खडबडीत जमिनीवर, दगडावर आपटून मागचं डावं चाक निकामी झालं.

रिमोट दाबला की मोटारीचा आवाज यायचा, लोखंडी दांडा फिरायचा, चाक मात्र जागच्या जागी. सार्थक रडला नाही. फक्त म्हणाला, "बाई, पप्पांना सांगू नका."

मी म्हटलं, "अरे, त्यात काय एवढं! मी करते नीट. सोमवारी घेऊन जा."

मुलांना शब्द देताना आपण किती सहज देतो, नाही का?

घरी येऊन पाहिलं, तर चाकाच्या मधोमध जी पोकळ नळी असते, जिच्यात दांडा घट्ट बसतो, तिला उभी चीर गेली होती. बैलगाडीच्या चाकात या मधल्या भागाला तुंबा म्हणतात. इथंही तोच शब्द वापरू. मी पाच-दहा रुपयांना मिळणारा, झटपट चिकटवणारा गोंद आणला आणि चाक दांड्यावर असतानाच चिरेत सोडला. गोंद पाण्यासारखा पातळ. तो चिरेतून आत शिरला, दांड्यावरून सरकत गाडीच्या अंगातल्या भोकात गेला आणि तिथंच वाळला. आता चाक तर नाहीच, दांडासुद्धा फिरेना. मोटार नुसती घुमायला लागली आणि जळका वास आला.

सांडलेला गोंद कापसाच्या बोळ्यानं पुसायला गेले, तर बोळा एकदम गरम झाला आणि त्यातून धूर निघाला. कापूस आणि हा गोंद एकत्र आले की उष्णता बाहेर पडते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेवटी नेलपॉलिश काढायचं द्रावण लावून पाहिलं. त्यातल्या ॲसिटोननं गोंद थोडा सुटला, पण चाकाचं प्लास्टिकही मऊ आणि पांढरट पडलं.

सोमवारी सार्थकनं विचारलं, "बाई, झाली?"

मी म्हटलं, "दुरुस्तीला टाकलीय रे. येईल."

खोटं बोलले. वर्गात रोज सांगते, "चुकलं तर सांगा, मी रागावणार नाही." आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलापुढं माझी जीभ वळली नाही. मंगळवारीही तेच उत्तर दिलं. बुधवारी त्यानं विचारलंच नाही. ते न विचारणं मला फार लागलं.

रविवारी माहेरी गेले. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. कोरेगावला रेल्वेत बसायचं आणि किर्लोस्करवाडीला उतरायचं. गाडी पिशवीत घालून नेली होती. माझे आजोबा गावचे सुतार. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीही तरुणपणी त्यांच्या हाताखाली बैलगाडीची चाकं केलेली. आण्णांनी चाक उजेडात धरलं, नख फिरवलं आणि म्हणाले,

"चिकटवलंस व्हय गं? चाक चिकटवून टिकत न्हाय, बाय. चाक आवळावं लागतं."

मग त्यांनी धाव कशी चढवायचे ते सांगितलं. आजच्या बहुतेक मुलांनी हे पाहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बैलगाडीचं लाकडी चाक एकसंध नसतं. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून गोलाकार तुकडे जोडलेले असतात. हे सगळं धरून ठेवते ती लोखंडी धाव. सुतार चाक करायचा आणि लोहार धाव. गंमत म्हणजे धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. मग शेणी रचून, पेटवून ती लालभडक करायची. तापलं की लोखंड प्रसरण पावतं. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव अशी तापली, तर तिचा परिघ अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. दोघातिघांनी सांडशीनं उचलून ती चाकावर ठोकायची. लाकूड धुरकटतं, कडेनं जळायला लागतं, तेवढ्यात वरून पाणी ओतायचं. धाव आकसते आणि आरे तुंब्यात करकचून बसतात. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव सैल झाली, की चाकं ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवायचे. लाकूड फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट.

पाठ्यपुस्तकात "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात" हे एका ओळीत येतं. माझ्या आजोबांची भाकरी त्या एका ओळीवर होती.

मी विचारलं, "पण आण्णा, प्लास्टिकवर तापलेलं कडं कसं घालणार? वितळेल की."

"तापवायचं कशाला? नेमकं बसंल आसं हुडकायचं."

ते खरंही आहे. सात-आठ मिलिमीटरचं कडं उकळत्या पाण्यात टाकलं, तरी त्याचा व्यास केसाच्या जाडीइतकाही वाढत नाही. त्यांनी माळ्यावरून बंद पडलेला ट्रान्झिस्टर काढला आणि त्याची एरियल माझ्या हातात दिली. एरियलमध्ये एकात एक बसणाऱ्या वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या असतात. त्यातली एक तुंब्यावर अगदी चपखल बसली.

पण दांडा अजून जाम होता. सोल्डरिंग आयर्नचं टोक दांड्याला थोडा वेळ टेकवून तो तापवला, तेव्हा आतला गोंद ढिला झाला आणि दांडा हळूहळू निघाला. एवढं झाल्यावर मी उरलेलं काम मुद्दाम केलं नाही. गाडी तशीच शाळेत आणली.

मंगळवारी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं, "गाडी दुरुस्तीला टाकली नव्हती. मीच ती आणखी बिघडवली, आणि सार्थकला खोटं सांगितलं. सार्थक, माझं चुकलं." वर्ग शांत. सार्थक खाली बघत होता. मग म्हणाला, "दाखवा तरी."

पुढचं काम त्यानं आणि वर्गानं मिळून केलं. तुम्हालाही करता यावं म्हणून कृती देते.

साहित्य : जुनी एरियल, झटपट गोंद, एम-सील, बारीक पॉलिश पेपर, कानस, हॅकसॉ ब्लेड, मोटारसायकलची जुनी ट्यूब.

कृती :

1. चाक आधी दांड्यावरून काढा. दांड्यावर असताना गोंद लावू नका. मी काय केलं ते वर वाचलंच आहे.

2. तुंबा बाहेरून पॉलिश पेपरनं घासा. गुळगुळीत पृष्ठभागावर पकड येत नाही. चाक बाटलीच्या झाकणासारख्या मेणचट प्लास्टिकचं असेल, तर त्याला गोंद नीट धरत नाही. तिथं सगळी भिस्त कड्यावरच.

3. एरियलच्या नेमक्या नळीचं चार-पाच मिलिमीटरचं कडं कापा. कापायचं काम मोठ्यांनी करावं. कडेची धार कानशीनं मोडा.

4. चिरेत गोंदाचा एकच थेंब सोडा आणि लगेच टेबलावर दाबून कडं तुंब्यावर चढवा. चीर मिटलेली दिसली पाहिजे. आतल्या भोकात गोंद राहू देऊ नका. पुसायला कापूस किंवा सुती चिंधी घेऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा.

5. तुंबा जिथं चाकाला जोडलेला असतो, त्या कोपऱ्यात एम-सीलची बारीक वात गोल फिरवून दाबा. दोन्ही भाग सारखे घेऊन एक रंग होईपर्यंत मळा. रात्रभर राहू द्या. सगळं चाक एम-सीलनं भरू नका. चाक जड झालं की मोटारीवर ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते.

6. ट्यूबचं आडवं कडं कापून चाकावर ताणून बसवा. रबर धक्का खातं. पण मागच्या दोन्ही चाकांना बसवा. एकच चाक जाड झालं, तर गाडी एका बाजूला ओढते.

आमच्या मुलांनी सहावी पायरी आधी एकाच चाकावर केली. गाडी गोल गोल फिरायला लागली. सगळे हसले. मग सार्थकनं दोऱ्यानं दोन्ही चाकांचा परिघ मोजला आणि फरक फळ्यावर लिहिला. डीएड करताना कृतीयुक्त अध्यापनावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्या दिवशी मला काहीच लिहावं लागलं नाही.

मुलांना मी दत्तात्रय लोहार यांच्याबद्दलही सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात त्यांनी भंगारातले भाग जमवून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. 2022 मध्ये आनंद महिंद्रा यांनी ती गाडी घेतली आणि त्यांना बोलेरो दिली. मुलांनी लगेच विचारलं, "बाई, त्यांची पण आधी बिघडली असंल का?" मी म्हटलं, "बनवणाऱ्याच्या हातून बिघडतंच."

सार्थकचं चाक अजून किंचित लचकतं. ॲसिटोननं पडलेला पांढरा डागही तसाच आहे. पण गाडी मैदानावर चालते.

फेब्रुवारीत त्याचे वडील एका दिवसासाठी घरी आले होते. संध्याकाळी शाळेसमोर भेटले. म्हणाले, "मॅडम, चाकात कडं कुणी बसवलंय? लई भारी बसलंय."

मी काही बोलायच्या आत सार्थक म्हणाला, "आधी बाईंनी बिघडवली. मग आम्ही नीट केली."

शब्दही खोटा नाही. तुमच्या घरात एखादं मोडकं खेळणं पडलं असेल, तर टाकून देण्याआधी मुलांसोबत बसून एकदा उघडून बघा. बिघडलं, तर तसं मुलांना सांगा.