गोधडीला सुट्टी नाही

गेल्या चैत्रात माझी ट्रंक तळापर्यंत उपसली, ती चाळीस वर्षांनी. मधल्या काळात झाकण कितीदा उघडलं असेल, पण हात वरच्या थरापुढे गेला नव्हता. तळाशी, लग्नातल्या शालूच्याही खाली, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली आजीच्या हातची छोटी गोधडी होती. माझ्या मुलाच्या वेळी, १९८४ साली, बाळंतविड्यासाठी तिनं शिवलेली. तिच्या हातच्या शेवटच्या दोन गोधड्यांपैकी ही एक, म्हणून मी ती बाळाच्या अंगाखाली कधी घातलीच नाही. खराब होईल म्हणून उचलून ठेवली. पोरगं विकतच्या दुपट्यात वाढलं.

फडकं सोडलं तसा डांबरगोळ्यांचा आणि वेखंडाचा वास आला. गोधडी उलगडायला गेले तर घडीच्या रेषेवरच कापड विरून सुटलं. एका कोपऱ्यात कसरीनं जाळी केली होती, पांढऱ्या चौकोनांवर बुरशीचे काळे ठिपके होते. एकही मूल तिच्यावर झोपलं नव्हतं आणि तरी ती संपायला आली होती.

दुसरी गोधडी वहिनीकडे, म्हणजे माझ्या माहेरी. माझं सासर-माहेर दोन्ही रत्नागिरीचंच, मध्ये फक्त भाट्याची खाडी. त्याच वर्षी मे महिन्यात, एकाच निळ्या जुनेरातून आजीनं दोन्ही शिवल्या होत्या. वहिनीची तीन मुलं तिच्यावर झोपली. मग ती शेजारच्या दोन बाळंतिणींकडे जाऊन आली. मध्ये दोनदा आईनं तिला वरून नवं कापड घातलं. आज ती चांगली जाडजूड आहे, मऊ आहे, उन्हाचा वास आहे तिला. फक्त आजीचा एकही टाका आता वरून दिसत नाही.

भाचीला सातवा महिना होता. बाळंतपण पुण्यातच करायचं ठरलेलं, पण त्याआधी चार दिवस माहेरी आली होती. मी माझी गोधडी घेऊन तिकडे गेले. दोन्ही गोधड्या ओटीवर मांडल्या तशी भाची म्हणाली, "आत्या, या वापरायच्या नाहीत हं. फ्रेम करून घेऊ. काचेत छान दिसतील."

माझी आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर केली, पण बोलली काही नाही.

हाताची वस्तू वापरायची की जपायची, हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणाला पडलाच नसता. गोधडी ही वस्तू म्हणून कुणी बघत नसे, मग भेटवस्तू म्हणून तर दूरच. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी सुरू व्हायची: लाकडं फोडून रचायची, मसाला कुटायचा, सुकी मासळी भरायची. त्यातच गोधड्यांचं काम असे. जुन्या गोधड्या पऱ्यावर नेऊन पायानं तुडवून धुवायच्या आणि गडग्यावर पसरायच्या. तापलेल्या जांभ्यावर त्या संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळत. मग दुपारी जेवणं उरकली की ओटीवर नव्या गोधडीची मांडणी. खाली लुगड्याचं अस्तर, मध्ये धोतराचे आणि जुन्या गोधडीचे थर, वर तुकड्यांचे चौकोन. आजी एका बाजूनं, आई दुसऱ्या बाजूनं धावदोरा घालत मध्याकडे सरकायच्या. सुईत दोरा ओवून द्यायचं काम आम्हा पोरींचं, कारण आजीला जवळचं दिसत नसे. "ओव गो बाय लवकर, हात थांबलाय माझा," म्हणायची.

कापड यायचं मुंबईहून. काका लालबागला मिलमध्ये होता. शिमग्याला, गणपतीला गावी येताना त्याच्या ट्रंकेत मिलमधले तुकडे असायचे: पट्ट्यापट्ट्यांचं शर्टिंग, लेंग्याचं पांढरं कापड, कधी छापील वॉइल. शिमग्याला तेव्हा बोटीनं येत. बोट बाहेर समुद्रात उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, वळकट्या मांडवीच्या धक्क्याला लागत. जाताना काका कोकमं, पोहे, फणसपोळी आणि एक गोधडी घेऊन जाई. मिलचं कापड गावात येऊन गोधडी व्हायचं आणि पुन्हा मिलमधल्या माणसाच्या अंगाखाली मुंबईला जायचं.

तिथं तिचं काय होई ते काका रंगवून सांगे. गावच्या मंडळाची गिरणगावात एक खोली. माणसं वीस-पंचवीस, जागा दहांची. मिल तीन पाळ्यांत चाले, म्हणून झोपही पाळीनं. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर पाठ टेकी. "माणसाला रविवारी तरी सुट्टी असते," काका म्हणायचा, "गोधडीला सुट्टी नाही."

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. काका त्यातलाच. तो आला तेव्हा ट्रंकेत तुकडे नव्हते, फक्त वळकटीला आमच्याच घरची गोधडी होती, कडेला विरलेली. आजीनं ती आधी धुतली, मग तिच्या चारही कडा नव्यानं शिवल्या. यापलीकडे तिनं संपाबद्दल काही विचारल्याचं मला आठवत नाही. काकाच्या त्या गिरणीच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत. तिचं कापड मात्र आमच्या घरात अजून कुणाच्या ना कुणाच्या अंगाखाली आहे.

मग आजी काही जपतच नव्हती का? जपायची, आणि फार कडक जपायची. काकानं पहिल्या बोनसमधून आणलेली सोलापुरी चादर तिनं ट्रंकेत ठेवली. पाहुणे आले की बाहेर, पाहुणे एसटीत बसले की आत. तिचं लेबलसुद्धा कित्येक वर्षं तसंच होतं. काचेचे सहा कप फडताळात वरच्या फळीवर असत आणि आम्ही पितळीतून चहा प्यायचो. शालू, जरीचा खण, चांदीचं निरांजन, सगळं कुलपात.

म्हणजे त्या घराचा नियम सरळ होता. विकत आणलेलं जपायचं आणि हातानं केलेलं वापरायचं. रोख पैसा दुर्मीळ होता, हात मुबलक होते. विकतची वस्तू गेली तर दुसरी कधी येईल याचा भरवसा नव्हता. गोधडी फाटली तर शिवणारी ओटीवरच बसलेली असे. आज माझ्याच घरात हा नियम उलटा झाला आहे. ब्लँकेट फोनवरून मागवते, दोन वर्षांत गोळे आले की भंगारात देते, त्याचं काही वाटत नाही. आणि नणंदेनं विणलेला क्रोशाचा रुमाल मात्र शोकेसमध्ये, काचेआड. पैशाला हात सैल झाला आणि शिवणारे हात कमी झाले, एवढाच फरक. पण त्या फरकानं वस्तूंच्या जागा बदलून टाकल्या.

रुखवताचंच बघा. आमच्या वेळी मुलीच्या मैत्रिणी महिनाभर आधीपासून मण्यांची तोरणं, लोकरीचे पक्षी, शिंपल्यांचे गणपती करत बसायच्या. बरेचसे वेडेवाकडेच. पण ते तोरण पुढं वीस वर्षं नव्या घराच्या दाराला लोंबायचं, धूळ खायचं, मणी गळले की पुन्हा ओवलं जायचं. आता रुखवत भाड्यानं मिळतं. मांडवात मांडायचं, फोटो काढायचे, संध्याकाळी परत. मागे एका प्रदर्शनात एक सुरेख गोधडी पाहिली. किंमत बघून गप्प बसले. बाईच्या मेहनतीचे पैसे तिला मिळत असतील तर बरंच आहे. पण खालची चिठ्ठी वाचून हसू आवरेना. लिहिलं होतं, ड्रायक्लीन करावी. आजीनं ती चिठ्ठी पऱ्यावर नेऊन तुडवली असती.

तरी जुन्याचे गोडवे गाताना जरा जपून गायला हवं. आजीनं गोधड्या शिवल्या त्या हौसेपेक्षा गरजेनं. पन्नाशीतच तिची पाठ वाकली. तिच्या शिवणाला कुणी कला म्हटलं नाही, आम्ही कधी छान झालीय असंही म्हटलं नाही. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या थंडी भागवायला शिवायच्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि जगानं माना डोलावल्या. भाचीला आजीची गोधडी भिंतीवर हवी वाटली ती याच आदरापोटी, हे मला कळतं. तिच्या पणजीला मिळायला हवा होता तो मान ती उशिरानं देऊ पाहत होती.

अडचण अशी की जपणं हे वापरण्याहून जास्त कष्टाचं काम आहे. संग्रहालयात जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे आपल्या दिवाणखान्यातल्या उजेडापेक्षाही मंद. हवेतली आर्द्रता सारखी ठेवतात. कापड घडी न घालता नळीवर गुंडाळतात, कारण घडीच्या जागी धागा तुटतो. आणि आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. आषाढात बरणीतलं मीठ पाझरतं, कोपऱ्यातल्या चपलेला बुरशी येते. अशा हवेत कापडाला टेकवून काच बसवली की ओल आतच कोंडते. आणि लोखंडी ट्रंक, चार डांबरगोळ्या एवढ्या भांडवलावर मी चाळीस वर्षं संग्रहालय चालवत होते!

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक वाडीत दोन-चार बंद घरं असतात. मालक मुंबईत, घराला भलंमोठं कुलूप. दहा पावसाळ्यांत कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, भिंत बसते. त्याच वाडीत माणसं नांदती असलेलं शंभर वर्षांचं घर उभं असतं. कारण साधं आहे: चुलीचा धूर रोज वाशांना लागतो, त्यानं कीड दूर राहते, सरकलेलं कौल त्याच दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर गळतं, म्हणून त्याच दिवशी बसवलं जातं. वापरातल्या वस्तूची खोड लगेच कळते. कुलपातली खोड कुलूप उघडल्यावर कळते.

तरीही त्या दिवशी ओटीवर एक गोष्ट मला बोचत होती. आजीचा टाका कसा होता, ते आता फक्त माझ्या फाटक्या गोधडीवर दिसत होतं. तांदळाच्या दाण्याएवढा, किंचित तिरका, आणि कोपऱ्यावर येताना एकात एक दोन. वहिनीची गोधडी जिवंत होती, पण आजी तिच्या पोटात गडप झाली होती. माझी मरायला टेकली होती, पण आजी तिच्यावर दिसत होती. कुणी बरोबर केलं, वहिनीनं की मी?

मी हे मोठ्यानं बोलले असणार, कारण आईनं लसणाचं सूप बाजूला सारलं.

"बाळ मुतलं नाही तर ती गोधडी कसली गो?" ती भाचीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुझी ती आत घाल. नव्या गोधडीत मधला थर लागतोच की. तुझ्या आजीनं काय केलं असतं?"

आजीनं तेच केलं असतं. तिच्या प्रत्येक गोधडीच्या पोटात आधीची एक गोधडी होती.

मला ते लगेच पटलं नाही. रात्रभर घोळवलं. सकाळी भाचीनं उजेडात धरून त्या टाक्यांचे फोटो काढले. मी त्यातला एक कोपरा, वीतभर, टाक्यांसकट कापून वेगळा ठेवला. कुठं ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही. उरलेली गोधडी गरम पाण्यात सोडा घालून भिजवली, दोन दिवस गडग्यावर उन्हात पसरली. ठिपके गेले नाहीत, फिके झाले. खाली वहिनीच्या जुन्या साडीचं अस्तर, मध्ये आजीची निळी, वर भाचीचे पुण्याहून आणलेले दोन सुती कुडते कापून केलेले चौकोन. आईला आता सुई ओवता येत नाही आणि मलाही चष्म्याशिवाय येत नाही, म्हणून ओवायचं काम भाचीकडे आलं. एक कोपरा तिनंच शिवला. टाके बोटाच्या पेराएवढे, नागमोडी. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "राहूं दे. धुतल्यावर बसतात."

बाळ झालं. महिन्याभरानं पुण्याहून फोटो आला. बाळाचा असेल म्हणून चष्मा शोधला. फोटोत बाळ नव्हतंच. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत दोरीवर गोधडी वाळत होती. नागमोडी टाक्यांचा कोपरा खाली, त्यातून पाणी ठिबकत होतं.

खाली दोन शब्द होते: "आज तिसऱ्यांदा."