तुटलेल्या तारेची खबर

भिवंडीच्या साध्या यंत्रमागावर ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांपैकी, एखादी तार तुटली तरी माग बहुधा चालूच राहतो, आणि एकाच वेळी अनेक माग सांभाळणाऱ्या कामगाराची नजर तिथे पोहोचेपर्यंत कापडात दोषाची लांब रेघ उमटून गेलेली असते. साकिची तोयोदा या जपानी संशोधकाने १९२४ साली सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागात तार तुटताच माग आपोआप थांबण्याची सोय होती, आणि दोष दिसताच काम थांबवण्याचे हे तत्त्व पुढे त्याच घराण्याने उभारलेल्या टोयोटाच्या मोटार कारखान्यांत ‘जिदोका’ या नावाने रुजले. जपानी सहकाऱ्यांशी कसे वागावे हे शिकवताना व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देण्यावर बराच भर दिला जातो. तो शिष्टाचार पाळावाच, परंतु त्यांच्याशी होणाऱ्या संवादाचे खरे मर्म, त्या मागाप्रमाणेच, बिघाडाची खबर बिघाड होताच पोहोचवण्यात आहे.

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि नाशिक महामार्गालगत असल्यामुळे भिवंडी तालुक्यात मागांसोबत गोदामेही वाढली, आणि २०१७ मध्ये जीएसटी येऊन जकात गेली तरी ती वाढतच राहिली. अशा गोदामाकडे न्हावाशेव्याहून निघालेला कंटेनर अवजड वाहनांच्या बंदीमुळे ठाण्याजवळ अडकला, तर ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे; तिच्यामागे समोरच्याला धीर देण्याची भावना असते, ती खोटी नसते. जपानी व्यवस्थापकाला मात्र त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण त्याच्या कार्यालयात नवख्या माणसाला पहिल्यापासून ‘होरेन्सो’ शिकवलेले असते, म्हणजे कामाचा अहवाल द्यावा, संबंधितांना वेळेत कळवावे आणि अडचणीत वरिष्ठांचा सल्ला घ्यावा. ‘गाडी दोनऐवजी साडेचारला लागेल, हमालांची टोळी तोवर दुसऱ्या गाडीवर लावली आहे, पुढची खबर तीन वाजता’ एवढा निरोप त्याला पुरतो. आणि तीन वाजता नवे काही घडलेले नसले, तरी तेवढेच कळवणे हा त्या निरोपाचाच भाग असतो.

बैठकीची गोष्ट अधिक नाजूक आहे. जपानी संस्थांत निर्णयापूर्वी प्रत्येक संबंधिताला स्वतंत्रपणे भेटून त्याचे मत अजमावतात. झाड हलवण्याआधी त्याच्या मुळांभोवतीची माती मोकळी करण्याच्या कामावरून या तयारीला ‘नेमावाशी’ म्हणतात. म्हणून दराचा किंवा मुदतीचा नवा प्रस्ताव भर बैठकीत प्रथमच मांडला, की समोर शांतता पसरते, आणि ती शांतता म्हणजे संमती समजून किंवा अवघडून जाऊन आपला माणूस बोलत सुटतो, कधी कधी तर कोणी न मागताच दर उतरवून बसतो. वस्तुतः त्या वेळी समोरची मंडळी विचार करत असतात, किंवा उघड नकार देऊन कोणाची मानहानी होऊ नये म्हणून थांबलेली असतात, आणि यांपैकी नेमके काय हे भर सभेत विचारून कळत नाही. प्रस्तावाचे टिपण दोन-चार दिवस आधी पाठवावे, जपानी गटातील कनिष्ठ सहकाऱ्याशी चहाच्या वेळी त्यावर बोलून घ्यावे, आणि त्याने काढलेल्या बारीकसारीक शंकांची उत्तरे लेखी द्यावीत, कारण तेच टिपण पुढे त्याच्या वरिष्ठांच्या टेबलावर जाणार असते.