उतरलेली पट्टी

या थ्रेडमध्ये आज ना तह आहे, ना लढाई. माझ्या प्रबंधिकेचे एक प्रकरण मला रद्द करावे लागले, त्याची ही हकिकत.

काकांनी अमेरिकेहून आणलेल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर मी एका गायिकेच्या एलपी ऐकत होतो. तिच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या काळी पाचमध्ये होत्या. एलपी मात्र पांढरी पाचच्याही किंचित खाली. उतारवयात पट्टी उतरली, असा निष्कर्ष मी ऐटीत लिहून टाकला. गाणे शिकलेल्या आत्याने दोन मिनिटे ऐकले आणि विचारले, "बाई थकल्या असतील रे, पण पेटीही थकली का?"

दोष मोटरचा होता. ती सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या आवर्तनांशी पावले जुळवून फिरणारी. अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तने, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचे ११० केले, आवर्तने तशीच राहिली. तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या घेत होती आणि स्वर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरला होता.

चावीच्या ग्रामोफोनला ही अडचण नव्हती. स्प्रिंगचा जोर गव्हर्नरची फिरती वजने आवरून धरीत. विजेची मोटर आली आणि तालाची जबाबदारी दूरच्या वीजकेंद्राकडे गेली. वेग तपासण्याच्या चकतीवर ७८साठी अमेरिकेत ९२ रेघा असत, तर ५० आवर्तनांच्या देशांत ७७. त्यामुळे प्रत्यक्ष वेगही दोन : ७८.२६ आणि ७७.९२!

जपानात तर हे दोन्ही प्रवाह एकाच देशात नांदतात. १८९०च्या दशकात टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन; पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० ही फाळणी आजही कायम आहे. त्याच ओसाकाच्या मात्सुशिताने १९७० साली टेक्निक्स एसपी-१० बाजारात आणला. त्यात बेल्ट नाही, कप्पी नाही. तबकडीचे ताट थेट मोटरच्या आसावर, आणि मोटर एकदिश प्रवाहाची, इलेक्ट्रॉनिक मंडलाच्या ताब्यातली. १९७५च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगाचे प्रमाण क्वार्ट्झच्या स्फटिकाकडून येऊ लागले. दुहेरी विजेच्या देशातच ही सुटका घडावी, हा योगायोग मला मोहवतो. कार्यकारणभाव म्हणून तो मांडणार नाही. एकदा पोळलो आहे.

काकांच्या यंत्राला मी लेथवर ६:५ प्रमाणात मोठी कप्पी करवून घेतली. ७७ रेघांच्या चकतीसारखीच, पण ३३⅓ची चकती ताटावर ठेवली. दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या. मग तीच एलपी लावली. काळी पाच.