चोवीस दात्यांचं चक्र

बिदर म्हटलं की आम्हा गोवेकरांना महमूद गावान आठवायला हवा. बहमनी राज्याच्या या वजिराने १४७२ मध्ये गोवा घेतला. त्याच वर्षीचा त्याचा मदरसा बिदरमध्ये आजही अर्धामुर्धा उभा आहे. तो पाहून झाल्यावर किलोमीटरवर भाडं ठरवून एक जीप केली आणि नौबादची करेज पाहायला निघालो. करेज म्हणजे जमिनीखालून हलक्या उताराने पाणी नेणारा बोगदा. बहमनी काळातली ही करामत स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तेव्हा ती पुन्हा कधीतरी!

जीपवाला भालकीकडचा, घरी मराठी बोलणारा. वाटेत म्हणाला, "काका, नवे टायर टाकल्यापासून गाडी डिझेल लई खायलीय. इंजिनाचं काम काढावं म्हणतो." इंजिनाचं काम म्हणजे हजारोंचा खर्च. मी टायरवरचे आकडे वाचले, २३५/७५ आर १५. आधी कोणते होते? २१५/७५ आर १५. आणि मग सगळा उलगडा झाला.

मित्रहो, गाडीला रस्ता दिसत नसतो. चाकं किती फिरली एवढंच तिला कळतं, आणि एका फेऱ्यात किती अंतर जातं हे कंपनीने आधीच गृहीत धरलेलं असतं. जुन्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, नव्याचा ७३३. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला गाडी साधारण ९ सेंटिमीटर जास्त पुढे जाते, पण मीटरला त्याचा पत्ताच नाही! मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०४ हून थोडी जास्त धावलेली असते. डिझेल जळतं १०४ चं, हिशेब लागतो १०० चा. भाडंही १०० चंच मिळतं. इंजिन बिचारं निर्दोष.

त्याचा विश्वास बसेना. मग रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड कामी आले. दहा किलोमीटर गेलो, मीटरवर ९.६ दिसले. (एकदोन दगडांवर भरवसा ठेवू नये, ते जागचे हललेले असतात.) "म्हणजे भाड्यात मीच बुडालो की!" तो म्हणाला.

वेगाचा काटा थोडा वेगळा. तो खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांचा ३९ व्या क्रमांकाचा वाहननियम आहे. त्यामुळे कंपन्या बहुधा तो मुळातच थोडा पुढे ठेवतात. मोठे टायर ती राखीव जागा खाऊन टाकतात. ८० वर काटा ठेवून आपण सावकाश चाललो आहोत असं समजणाऱ्याला वळणावर हे महागात पडू शकतं.

त्याची जीप जुनी, केबलवर चालणाऱ्या मीटरची. अशा गाडीत गिअरबॉक्सपाशी केबल फिरवणारं एक छोटं प्लास्टिकचं चक्र असतं. ते समजा २४ दात्यांचं असेल, तर तिथे २३ चं बसवायचं. दाते कमी झाले की केबल जलद फिरते आणि हा फरक जवळजवळ नेमका भरून निघतो. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या गाड्यांत हेच काम संगणकात आकडा बदलून होतं.

परत बिदरला उतरल्यावर मी मीटरवरच्या आकड्यात शेकडा चार मिळवून पैसे दिले. त्याने ते मोजले, खिशात टाकले आणि विचारलं, "काका, ते तेवीसवालं चक्र मिळंल का हो इथं, का सोलापूरहून मागवावं लागंल?"