नाका

आमच्या मोहल्ल्याच्या नाक्यावर इराण्याचं हॉटेल होतं. नाक्याची जागा अपशकुनी मानून मुंबईतले बरेच दुकानदार ती टाळत, म्हणून ती इराण्यांकडे आली, असं जुनी माणसं सांगत. दोन रस्त्यांवर उघडणारी दोन दारं, आत संगमरवरी टेबलं. वरच्या तीन मजल्यांवर आम्ही भाडेकरू. १९४७च्या कायद्यानं भाडं गोठलं, मालकानं डागडुजी सोडली, जिन्याला टेकू लागले. तरी अब्बा पुनर्विकासाच्या कागदावर सही करीनात. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारात इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसं गेली. त्या रात्री अब्बांनी स्वतःच कागद मागून घेतला.

आज नाक्यावर टॉवर आहे. खाली पार्किंगचे मजले आणि लांबच लांब आंधळी भिंत. आम्हाला घरात संडास मिळाला, लिफ्ट मिळाली. रात्री पाऊस आला तर आता कुणी दचकून उठत नाही. नाशुक्री कशी करावी? पण अब्बा खाली उतरले की त्या भिंतीपाशी थबकतात. टेकायला जागा नाही, सलाम घ्यायला कुणी नाही. मग लिफ्टनं परत वर येतात.

छप्पर पक्कं व्हायलाच हवं होतं. पण नव्या नकाशात दोन दारं आणि एक बाकडं मावलं नसतं का?